पंडिता रमाबाई सरस्वती : एका सेवाव्रती स्त्रीचे चरित्र

आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत एखादे चरित्र असावे, अशी मंडळाच्या चिटणिसांची इच्छा होती. संतांची चरित्रे आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. ती आपण दरवर्षी सणाच्या दिवशी प्रवचनात ऐकतोच. म्हणून ह्या खेपेस आम्ही आपल्याच महाराष्ट्रात राबलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि मराठीतच प्रार्थना करणाऱ्या एका स्त्रीचे चरित्र निवडले आहे. ही स्त्री कॅथलिक नव्हती, हे आम्ही आरंभीच सांगून ठेवतो. तिच्या विश्वासाच्या काही कलमांशी आपल्या ख्रिस्तसभेचा मेळ बसत नाही. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींच्या ठायी दिसणारे ख्रिस्ताचे वरदान आनंदाने ओळखण्यास शिकविले आहे. त्या शिकवणीस अनुसरून हे लिहिले आहे.

हे चरित्र निवडण्यास आणखी एक कारण घडले. आमच्या वाचकांपैकी काहींचे नातलग नर्मदेच्या काठी मणिबेलीकडे राहत असत. सरदार सरोवराच्या बुडितात आलेले महाराष्ट्रातील पहिले गाव ते हेच. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, पोलिसांच्या पहाऱ्यात घरे मोडली गेली आणि १९९३ च्या पावसाळ्यात पाणी गावाच्या उंबऱ्यास लागले. त्या काळी, आणि पुढेही, जे कोणी त्या माणसांस धान्य, औषध अथवा अक्षर देण्यास गेले, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत बरेवाईट पुष्कळ छापून आले. कोणी त्यांस परक्यांचे हस्तक म्हटले, कोणी प्रगतीचे वैरी म्हटले.

आम्हांसही त्याचा एक लहानसा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी डोंगरातील पाड्यांवर थंडीच्या दिवसांत आम्ही घोंगड्या वाटल्या. पुढे एका पत्रात असे आले की, घोंगडीच्या मोलाने नावे विकत घेतली जात आहेत. आम्हांस संताप आला व आम्ही रात्री बसून कडक उत्तर लिहिले. सकाळी आमच्या वृद्ध धर्मशिक्षकांनी ते वाचले आणि एवढेच विचारले की, घोंगड्या घेणाऱ्या बायकांचे चित्र आपल्याच पत्रिकेत कोणी छापले होते? ते आम्हीच छापले होते. आमचे उत्तर टपालात गेले नाही. त्या दिवशी आम्हांस रमाबाईंची आठवण झाली, आणि तेव्हापासून हे चरित्र लिहिण्याचे मनात होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे त्या काळी पाप मानले जाई. परंतु अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली आणि त्यासाठी पंडितमंडळींचा रोष पत्करला. रमाबाईंस पुराणे मुखोद्गत झाली ती आईच्या तोंडून. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. दक्षिणेत दुष्काळ पडला, दान मिळेनासे झाले, आणि अंगमेहनतीची सवय नसल्याने भुकेची पाळी आली. १८७४ च्या सुमारास वडील गेले. त्यांच्यामागून आई गेली, वडील बहीण गेली. उरली ती रमाबाई व तिचा बंधू श्रीनिवास. ही दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. भूक म्हणजे काय हे रमाबाईंनी पुस्तकात वाचले नव्हते, हे पुढील हकीकत वाचताना वाचकांनी ध्यानात धरावे.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढे १८८० साली बंधू वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. वर निराळ्या जातीचा व निराळ्या प्रांताचा असल्याने दोन्हीकडचे लोक तुटले. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर मूल आणि पाठीशी कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्याच्या सुधारकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. रानडे, भांडारकर ह्यांसारख्यांच्या घरी त्यांची व्याख्याने होत. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य ह्यांची गरज मांडली. स्वतः वैद्यकी शिकावी ह्या इच्छेने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे ते शिक्षण त्यांस मिळाले नाही. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनी रस्त्यावर टाकून दिलेल्या स्त्रियांस घरात घेतात, हे पाहून त्यांचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता पुण्यास येताच कालपर्यंत ज्यांनी हार घातले होते त्यांपैकी पुष्कळांनी शब्दांचे दगड उचलले. त्या गदारोळात जोतीराव फुले ह्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ ह्या पुस्तिकेत रमाबाईंचा पक्ष घेतला. फुले स्वतः ख्रिस्ती नव्हते, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. निंदेच्या काळी आपला कैवार कोण घेईल हे आधी सांगता येत नाही. तो बहुधा अपेक्षित जागेवरून येत नाही.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्च जातीतील हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे पत्करले. त्यात अट होती ती अशी की, निघणारी शाळा कोणाच्याही धर्मात हात घालणार नाही.

ह्या अटीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. बालविधवांस तेथे आश्रय व विद्या मिळे. मुलींचा स्वयंपाक, सोवळे, व्रते ज्यांच्या त्यांच्या चालीप्रमाणे चालत. पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. त्यांनी धर्म बदलला नाही. आपल्या पतीच्या खांद्यास खांदा लावून त्या जन्मभर विधवांच्या सेवेत राहिल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलविले गेले.

येथून वर्तमानपत्रांचा अध्याय सुरू होतो. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत कन्येसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांस बोलाविले नाही, तसेच घालविलेही नाही. अशातच अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातील मुली ख्रिस्ताकडे वळत असल्याचे मोठ्या अभिमानाने छापले. ते वृत्त समुद्र ओलांडून इकडे आले आणि ‘केसरी’च्या हाती पडले. लोकमान्य टिळकांच्या त्या पत्राने सदनावर झोड उठविली. तटस्थतेच्या नावाखाली धर्मांतराचा कारखाना चालविला जात आहे, पालकांनी आपल्या मुली काढून न्याव्यात, असा त्या लेखांचा रोख असे. वर्षामागून वर्ष हे चालले. अखेर १८९३ च्या ऑगस्टात रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या.

येथे आम्हांस न्यायाने बोलले पाहिजे. सर्वच दोष वर्तमानपत्रांचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. सदनातील काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. ज्या बापाने आपली विधवा मुलगी तटस्थतेच्या वचनावर तेथे ठेविली, त्याच्या मनास काय वाटले असेल? रमाबाईंस वाटे की, कोणावर बळ केले नाही म्हणजे वचन पाळले गेले. पालकांस वाटे की, उघडे दार हेही एक आमंत्रणच आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. परंतु सदनात मुलींवर जुलूम होतो, त्यांस फसवून बाटविले जाते, हा जो रंग छपाईने चढविला, तो असत्य होता. आणि ह्या आगीस पहिले लाकूड घातले ते शत्रूने नव्हे, तर दूरदेशीच्या बढाईखोर मित्राने. ज्यांच्या जखमा आपण बांधतो, त्यांची आपल्या यशाच्या यादीत मोजणी करू लागलो की, निंदकास हत्यार आपणच पुरवितो. आमच्या घोंगड्यांच्या चित्राची लाज आम्हांस वाटली ती ह्याच कारणाने.

पुढे १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या आरंभी सरकारने रँड साहेबांच्या अधिकाराखाली समिती नेमली आणि घरोघर झडतीसाठी गोरे शिपाई पाठविले. देवघरे तुडविली गेली, बायकामाणसांस चारचौघांत तपासले गेले, निरोगी माणसेही अलग छावण्यांत नेली गेली. रोग भयंकर होता, उपाय करणे अवश्य होते; परंतु भाषा न कळणाऱ्या सशस्त्र शिपायांच्या हाती तो उपाय दिल्यामुळे औषधाचा दंड झाला.

सदनातील एका मुलीसही ह्या व्यवस्थेत नेण्यात आले, आणि ती परत आली नाही. तिची कशी अबाळ झाली, पहारेकऱ्यांच्या हाती अशा निराधार मुलींची अब्रू कशी सुरक्षित नाही, हे रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिले. हे पत्र लिहिण्यात त्यांस काय मिळवायचे होते? काही नाही. गमवायचे मात्र पुष्कळ होते. ख्रिस्ती झाल्यामुळे त्यांना सरकारच्या पंखाखालच्या समजणारे लोक होते. आता त्यांनी त्याच सरकारवर दोष ठेविला. विलायतेत पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाला. लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या मुंबई सरकारने त्यांचे कथन चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले.

जून महिन्याच्या २२ तारखेस रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग जो जो प्लेगच्या जुलमाविषयी बोलला, तो तो खुनास चिथावणी देणारा असे इंग्रजी पत्रे भासवू लागली. विलायतेत गेलेल्या गोखल्यांनी पुण्यातील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची हकीकत तेथील पत्रास सांगितली होती. परतल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, म्हणून त्यांस जाहीर क्षमा मागावी लागली. टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या ‘केसरी’ने रमाबाईंस लोकांची वैरीण ठरविले होते, त्याच ‘केसरी’चे संपादक आणि रमाबाई ह्या वर्षी एकाच जुलमाविरुद्ध बोलत होते. पीडितांच्या बाजूस उभे राहिले म्हणजे शेजारी कोण उभा आहे हे निवडता येत नाही. रमाबाईंनी तो विचार केला नाही. एका नाहीशा झालेल्या मुलीसाठी त्या बोलल्या.

त्याच सुमारास मध्यप्रांतात भयानक दुष्काळ पडला होता. आपले आईबाप भुकेने गेले हे ज्या विसरल्या नव्हत्या, त्या रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांतून अनाथ मुलींस फूस लावून नेणारे दलाल फिरत असलेले त्यांनी पाहिले. तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांस तेथे ठेवता येईना, तेव्हा पुण्यापासून रेल्वेने पूर्वेस असलेल्या केडगावच्या माळावर, जेथे त्यांनी काही काळापूर्वी जमीन घेतली होती, तेथे त्यांची वस्ती केली. १८९८ च्या सप्टेंबरात तेथे मुक्तिसदनाचा पाया घातला गेला. ही संस्था आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती होती. शारदा सदनाच्या प्रकरणातून त्या शिकल्या होत्या. ह्या वेळी पाटीवर एक आणि आत दुसरे असे म्हणण्यास कोणास जागा ठेविली नाही.

१९०० साली पुन्हा दुष्काळ आला, तो गुजरात, खानदेश, काठेवाड असा सर्वत्र. आपल्या सातपुड्यातील म्हाताऱ्यांनी छप्पन्न सालचा काळ म्हणून ज्याच्या गोष्टी सांगितल्या, तो हाच दुष्काळ. मुक्तिसदनाची वस्ती दीड हजारांवर गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले गेले. समाजाने ज्यांस पतित म्हणून टाकले त्यांच्यासाठी कृपासदन निघाले. रमाबाईंच्या हाती द्रव्य पुष्कळ आले, परंतु पांढरे लुगडे, शाकाहार व जमिनीवरची बैठक ही त्यांनी सोडली नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अडाणी बाईस कळावे हा त्यांचा कटाक्ष होता. अक्षरजुळणी व छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. १९१९ साली सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले. ज्या सरकारने बावीस वर्षांपूर्वी त्यांचे म्हणणे खोटे ठरविले होते, त्यानेच हे पदक पाठविले, ह्यातील बोध वाचकांनी घ्यावा. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईने ते दुःख गिळले व भाषांतराचे काम चालू ठेविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई झोपेतच प्रभूकडे गेल्या. १९८९ साली स्वतंत्र भारताच्या टपालखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही केडगावास उभे आहे.

असो. आता ह्या चरित्रातून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे? आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली ही की, पाटीवर जे लिहिले तेच आत असावे. सेवा करावयाची तर सेवा म्हणून करावी. प्रार्थनेस बोलवायचे तर प्रार्थना म्हणून बोलवावे. एकीच्या पदराआड दुसरी लपवू नये. दुसरी ही की, ज्यास आपण अन्न दिले त्याचे नाव आणि चेहरा हे आपल्या कीर्तीचे भांडवल नव्हे. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूस धर्मशाळेत पोहोचविले, पैसे मोजले आणि तो आपल्या वाटेस लागला. त्याने कोणास आपले नाव सांगितल्याचे शुभवर्तमानात नाही. तिसरी ही की, निंदेच्या भयाने सत्य दडवू नये. शारदा सदनाविषयी ज्या बाई निंदा सोसत राहिल्या, त्याच छावणीतील एका मुलीसाठी राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिण्यास कचरल्या नाहीत. स्वतःसाठी मौन आणि दुर्बलासाठी वाणी, हे ज्यास साधले त्यास वर्तमानपत्रांची भीती उरत नाही.

आमच्या डोंगरात आजही विस्थापित कुटुंबे आहेत. त्यांच्या दारी जाणाऱ्यांविषयी उद्याही काहीबाही लिहिले जाईल. त्यात काही खोटे असेल, काही, आमच्या दुर्दैवाने, खरेही असेल. खोट्यास उत्तर म्हणून आपण काम चालू ठेवावे. खऱ्यास उत्तर म्हणून पश्चात्ताप करावा व सुधारावे. ह्या थंडीत घोंगड्या पुन्हा जातील. चित्र निघणार नाही, यादी मात्र नीट ठेविली जाईल, आणि हिशेब ज्यास पाहावयाचा असेल त्याच्यासाठी मंदिराचे दार उघडे राहील.

दयेची माता पवित्र मरिया हिच्या मध्यस्थीने आमच्या धर्मग्रामास हे बळ प्रभू देवो, हीच ह्या महोत्सवाच्या दिवशी आमची प्रार्थना.